हाताचा गुण आणि हाताची मर्यादा

मोहाच्या झाडावरून पडलेला किंवा तोरणमाळच्या घाटात दुचाकीवरून घसरलेला माणूस घरी परततो. जखम भरते, टाके निघतात. डोके मात्र महिनोन्महिने दुखत राहते. तपासणीत दोष दिसत नाही, म्हणून त्यास "काही नाही" असे सांगितले जाते. मग धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून तो हाडवैद्याकडे किंवा अंग चोळून देणाऱ्या एखाद्या म्हातारीकडे जातो. येथे आपण सुशिक्षित वाचक 'अंधश्रद्धा' हा शब्द उच्चारण्यास उतावीळ असतो. आम्हांस ही घाई मान्य नाही.

अमेरिकेतील विल्यम सदरलँड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कवटीच्या हाडांची सूक्ष्म हालचाल हातास जाणवते, असे मांडले. त्यावरूनच पुढे जॉन अपलेजर यांनी 'क्रेनिओसेक्रल' उपचार उभा केला. ही हालचाल बोटांनी ओळखता येते, यास विश्वसनीय पुरावा नाही. एकाच रुग्णावर दोन उपचारकांनी मोजलेली लयही जुळत नाही. तरीही शहरात हिला 'थेरपी' म्हणावयाचे आणि पाड्यावरच्या हातास अडाणीपणा! हा भेद ज्ञानाचा नव्हे, शुल्काचा आहे.

मग आराम पडतो तो कसा? डोक्यास मार बसतो तेव्हा मानेसही हिसका बसतो. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या आणि चेहऱ्याच्या संवेदना मेंदूच्या देठाजवळ एकत्र येतात. म्हणून मानेचे दुखणे डोक्यात जाणवते. मान-खांदे चोळल्याने काहींना खरेच बरे वाटते. शिवाय अशी बरीच डोकेदुखी तीन महिन्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय शेवटच्या हातास मिळते. तिसरे कारण अधिक बोचरे आहे: तो हात तासभर रुग्णाजवळ असतो, ऐकतो.

धोका आहे तो क्रमात. कवटीखाली रक्त हळूहळू साचून आठवड्यांनी त्रास देऊ लागते, विशेषतः वृद्धांत, आणि तेही कधी किरकोळ मारानंतर. वाढती डोकेदुखी, गुंगी, उलट्या, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे, ही लक्षणे दिसल्यावर चोळण्यात घालवलेला प्रत्येक दिवस जिवावर बेतू शकतो. मान कडकन मोडण्याने तर क्वचित मेंदूकडे जाणारी धमनी फाटते. परंपरेसही हे भान होते. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी ३७ मान व डोक्यात आहेत. त्यांतील शंख आणि अधिपती यांवरील आघात सद्य प्राणहर मानला आहे. परंपरेचे नाव घेऊन कवटी दाबणारा परंपरेलाच विसरतो.

१९९८ साली स्थापन झालेल्या या जिल्ह्यास २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. इमारतीबरोबर दृष्टीही यावी, एवढीच आमची अपेक्षा. तालुक्याच्या रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञ असावा. हाडवैद्यास हिणवण्याऐवजी बोलावून वरील लक्षणे शिकवावीत. आणि डॉक्टरांनी "काही नाही" हे वाक्य सोडून "मोठा धोका नाही, पण तुमचे दुखणे खरे आहे" असे म्हणावे. हे शेवटचे करण्यास निधी लागत नाही.

हाताने मान चोळावी, धीर द्यावा. निदान मात्र करू नये. आणि ज्यांच्याकडे निदान आहे, त्यांनी हात आखडता घेऊ नये. असो.