बाद झालेला गडी

हुतूतूच्या मैदानावर ‘मेला’ हा शब्द किती सहजपणे उच्चारला जातो, हे तुमच्या कधी ध्यानात आले आहे काय? चढाई करणारा गडी पकडला गेला, त्याचा दम तुटला, की चारी बाजूंनी ‘मेला, मेला’ असा एकच गलका उठतो. आणि तो मेलेला गडी अंगावरची माती झाडीत, हसत हसत रेषेबाहेर जाऊन बसतो. थोड्या वेळाने त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा एखादा गडी मारला, की हा पुन्हा जिवंत होऊन मैदानात उतरतो. खेळातले मरण हे असे असते. ते खरे नसते. पण त्याचा नियम खरा असतो, आणि तो पाळावाच लागतो.

हा नियम पूर्वी सर्वत्र एकसारखा नव्हता. ‘संजीवनी’ नावाच्या प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, की आपला एक गडी जिवंत होई. आजची कबड्डी याच वळणाची आहे. तिच्यात जो आधी बाहेर गेला तो आधी आत येतो. ‘अमर’ या प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नसे. प्रतिपक्षाच्या खात्यावर एक गुण तेवढा पडे. आणखी एक प्रकार असा होता, की त्यात एकदा बाहेर गेलेला गडी आपला सबंध संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. मैदान तेच, माणसे तीच, दम घेणेही तेच. परंतु या एका नियमाने खेळाचा सारा स्वभाव पालटे. गडी परत येणार नाही हे ठाऊक असले, म्हणजे चढाईला पाय उचलताना छातीत जी धडधड होते, ती ‘अमर’ खेळणाऱ्याला कोठून ठाऊक असणार!

हे सारे आज सांगण्याचे कारण निराळेच आहे. आमच्या मंगळवेढ्यातही आता सायंकाळी मैदानाइतकीच गर्दी मोबाइलच्या पडद्याभोवती जमलेली दिसते. वडीलधाऱ्यांना त्याचा राग येतो. मला तितकासा येत नाही. ज्या खेळात मुले इतकी रमतात, त्याचे नियम कोणते आणि त्यात सांगितलेली गोष्ट कोणती, हे पाहिल्याशिवाय त्यावर मत देणे हे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून यांपैकी एका जातीच्या खेळाविषयी मी येथे लिहीत आहे. तो खेळ म्हणजे अद्भुत कथेतील युद्धाचा पट.

जपानमध्ये १९९० साली ‘फायर एम्ब्लेम’ नावाचा व्हिडिओ गेम निघाला. शोझो कागा यांनी त्याची रचना केली आणि निन्टेंडो या कंपनीने तो प्रसिद्ध केला. पडद्यावर बुद्धिबळाप्रमाणे घरे आखलेली असतात. एकदा आपण आपले वीर हलवायचे, मग शत्रूने आपले हलवायचे, असे पाळीपाळीने युद्ध चालते. कथेचा नायक मार्थ नावाचा राजपुत्र आहे. त्याचे राज्य शत्रूने हिरावून घेतलेले आहे, आणि थोडेसे सोबती बरोबर घेऊन तो ते परत मिळवावयास निघाला आहे. वाटेत गावे लागतात, नवे सोबती मिळतात, शत्रूकडील एखादा योद्धा बोलण्याने आपल्या बाजूस वळतो. लढता लढता प्रत्येकाचे बळ वाढत जाते. नायक पडला तर खेळ तेथेच संपतो. बुद्धिबळातील राजासारखेच ते आहे.

पण बुद्धिबळाशी असलेले साम्य येथे संपते. बुद्धिबळातील प्याद्याला नाव नसते. वजिरासाठी प्यादे दिले तर कोणी हळहळत नाही. उलट खेळणाऱ्याची वाहवा होते. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात जाई तेच मोहरे होई, एवढाच काय तो प्याद्याचा भाग्योदय! जपानी खेळातील प्रत्येक प्याद्याला मात्र नाव आहे, चेहरा आहे, बोलण्याची लकब आहे. आणि मुख्य नियम असा, की लढाईत पडलेला सोबती पुन्हा उठत नाही. पुढच्या लढाईच्या वेळी वीरांची ओळ उभी राहते, तेव्हा त्याचे नाव तिच्यात नसते. कथेच्या अखेरीस एक दुर्मीळ मंत्रदंड हाती येतो. त्याने एकाच मृताला, तेही एकदाच, परत आणता येते. कोणाला आणावयाचे? माझ्या मते साऱ्या खेळातील सर्वांत अवघड चाल हीच होय.

आता खेळणारी मुले काय करतात ते पाहा. एखादा सोबती पडला, की ती लगेच खेळ बंद करतात आणि आधी जतन करून ठेवलेल्या जागेपासून तीच लढाई पुन्हा मांडतात. कोणीच मरू नये, सर्वांनी शेवटपर्यंत पोहोचावे, असा त्यांचा हट्ट असतो. ममता म्हणून तो मला आवडतो. परंतु खेळ म्हणून आणि गोष्ट म्हणून ही रीत मला मान्य नाही.

महाभारतातील युद्धाचा तेरावा दिवस आठवा. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरता येत होते, बाहेर पडता येत नव्हते. तो आत गेला आणि पडला. त्यामुळे अर्जुनाने जयद्रथवधाची प्रतिज्ञा केली. त्या प्रतिज्ञेने चौदावा दिवस पेटला. युद्ध सूर्यास्तानंतरही चालू राहिले. त्या रात्री घटोत्कचाला थांबविण्यासाठी कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती खर्चावी लागली. सुभद्रेचा पुत्र दुसऱ्या दिवशी सकाळी हसत रथात येऊन बसला असता, तर यातले काय उरले असते? एक गडी बाद झाला म्हणून पुढची एवढी कथा घडली. डाव पुन्हा मांडणारा मुलगा सोबत्याला वाचवितो हे खरे. पण त्याच्या जाण्याने जी गोष्ट घडणार होती, ती पुसून टाकतो. शेवटी सर्वांच्या हाती तीच एक गोष्ट उरते, जिच्यात कोणीही मेलेले नाही.

डाव पुन्हा मांडण्याचे उदाहरणही महाभारतातच आहे. पहिल्या द्यूतात पांडवांनी सर्वस्व गमावले. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे ते दास्यातून सुटले, धृतराष्ट्राने गेलेले सारे परत दिले, आणि ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. इतक्यात पुन्हा बोलावणे आले, आणि धर्मराज पुन्हा फासे टाकावयास बसले! बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास या दुसऱ्या डावाने पदरात टाकला.

यावर तुम्ही म्हणाल, “गुरुजी, चुकले तर पुन्हा करून पाहावे, असे तुम्हीच वर्गात सांगत होता ना?” होय, सांगत होतो. गणित पुन्हा सोडवावे, अक्षर पुन्हा गिरवावे. खेळाचे कर्तेही नवख्यांना इतके कठोर नियम लावीत नाहीत. याच मालिकेत २०१० साली असा एक सौम्य प्रकार आला, की त्यात पडलेला वीर पुढील लढाईस परत येतो. २०१७ आणि २०१९ सालच्या खेळांत काळ थोडा मागे फिरविण्याची विद्या मिळाली. मात्र तीही मोजक्या वेळाच वापरता येते. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ या १९९७ सालच्या खेळाने मधला मार्ग काढला. पडलेल्या वीराच्या डोक्यावर तीनाचा आकडा दिसतो. त्याच्या तीन पाळ्या सरण्याच्या आत कोणी मदतीला पोहोचले तर तो उठतो, नाहीतर कायमचा जातो. हा नियम मला फार आवडतो, कारण त्यात सोबत्याकडे धावत जावे लागते. हे सारे नियमच आहेत. आमच्या संजीवनी हुतूतूसारखे. माझा आक्षेप आहे तो एका निराळ्या रीतीला. मोबाइलवरील पुष्कळ खेळांत गडी पडला की पडद्यावर पाटी येते: इतके पैसे द्या किंवा जाहिरात पाहा, म्हणजे तो उठेल. याला संजीवनी म्हणावयाचे की दुकान?

ओघात आणखी दोन गोष्टी सांगतो. मार्थबरोबर आरंभीच जेगन नावाचा एक वृद्ध घोडेस्वार असतो. सुरुवातीला तो सर्वांहून बलवान; म्हणून मुले प्रत्येक शत्रू त्याच्याच हातून मारवितात. पण अनुभव त्याला मिळून उपयोग नसतो, कारण त्याचे बळ आता फारसे वाढत नाही. तरुण सोबती कच्चेच राहतात आणि पुढे सैन्य अडचणीत येते. या म्हाताऱ्याने पुढे राहून वार झेलावेत आणि शेवटचा घाव तरुणांना घालू द्यावा, हेच बरे. निवृत्त शिक्षकाला हे पात्र आवडले, यात नवल ते काय!

दुसरी गोष्ट साठवणुकीची. या खेळात तलवारी वापरून मोडतात, म्हणून मुले उत्तम शस्त्र जपून ठेवतात. सोबती डोळ्यांदेखत पडतो आणि शस्त्र पेटीत तसेच राहते. हे पाहून मंगळवेढ्याच्या माणसाला दामाजीपंतांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दुष्काळात बादशाही कोठारे उघडून त्यांनी धान्य लोकांना वाटून टाकले, असे परंपरा सांगते. कोठार कशासाठी असते, हे त्यांना कळत होते.

अद्भुत कथेचे खेळ आता आपल्याकडेही होऊ लागले आहेत. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली निघाला. तो पटावरच्या युद्धाचा नाही, पण भावाला असुरांच्या हातून सोडवावयास निघालेल्या मुलीची कथा त्यात आपल्या पुराणांच्या आधाराने सांगितली आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी पटावरच्या युद्धाचाही खेळ करील. समजा, त्याने १६६० साल निवडले. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा आहे, जुलैमधील पावसाळी रात्र आहे, महाराज विशाळगडाकडे निघाले आहेत, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे आहेत. खिंडीतील प्रत्येक घरावर कोणाला ठेवावयाचे, हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे आहे. एखाद्या चतुर मुलीच्या पटावर बाजी वाचले, तर वाचू द्यावेत. तो खेळ आहे, बखर नव्हे. पण ते पडले, तर पुढच्या लढाईला मावळ्यांची ओळ उभी राहील तेव्हा त्यांची जागा मोकळी दिसावी, विशाळगडावर कोणीतरी त्यांचे नाव घ्यावे, आणि पडद्यावर पैशाची पाटी येऊ नये.