पुरलेलं आणि सापडलेलं

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून नातू आला तो एक खोका घेऊनच. आत विटेएवढा प्लास्टरचा ठोकळा, चिमुकली हातोडी, छिन्नी आणि ब्रश. ठोकळा फोडायचा आणि त्यात दडवलेली 'रत्नं' बाहेर काढायची, असा खेळ. सोबत रंगीत यादी, आत कोणकोणती बारा रत्नं आहेत त्याची. पठ्ठ्याने तासाभरात ठोकळा फोडला, बारा मोजली, यादीवर खुणा केल्या आणि म्हणाला, "संपलं. आजी, आता काय?"

हे 'आता काय?' माझ्या चांगलंच ओळखीचं. इतकी वर्षं मराठी शिकवलं. गाईडमधली उत्तरं पाठ करून येणारी मुलं धडा संपला की अगदी अशाच चेहऱ्याने बघायची.

मुलगा म्हणाला, "आई, दुसरा खोका मागवू का?" म्हटलं, थांब. हे मी घरी करते.

पहिला प्रयत्न फसला. हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टर आणलं, नुसतं पाण्यात कालवलं, आणि ते असं काही घट्ट झालं की खोदायला पहारच लागली असती! (प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, तेव्हा त्यात मुलांना हात घालू देऊ नका. उरलेलं मोरीतही ओतू नका, पाइप तुंबतो.) मग आठवण झाली, गणपतीत सोसायटीतल्या मुलांसाठी आणलेली शाडूची माती उरली होती. दोन वाट्या चाळलेली शाडू, एक वाटी बारीक रेती आणि कणकेपेक्षा जरा सैल होईल इतकंच पाणी. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अर्धी माती भरली, जिनसा ठेवल्या, वर पुन्हा माती थापली. चार-पाच दिवस गॅलरीतल्या उन्हात. रेतीमुळे तडे कमी जातात आणि खरवडायलाही सोपं पडतं. खोदायला आइस्क्रीमच्या काड्या आणि दात घासायचा जुना ब्रश. धूळ उडू नये म्हणून मधूनमधून पाण्याचा हबका मारायचा. खेळून झालं की माती भिजवून पुन्हा वापरता येते, हा आणखी एक फायदा.

आत काय ठेवलं? कवड्या, सागरगोटा, माझ्या आईच्या तुटलेल्या माळेतली दोन पोवळी, एक जुना भोकाचा पैसा. (गुंजा दिसायला सुरेख, पण विषारी; त्या घालू नका. आणि अगदी लहान मूल असेल तर मणीही नकोत.) यादी मात्र दिली नाही. आत किती वस्तू आहेत, तेसुद्धा सांगितलं नाही.

दोन दुपारी गेल्या त्यात. भोकाचा पैसा निघाल्यावर पाऊण तास गप्पा झाल्या. मी मनातून खूश. आणि मग साहेबांनी मान वर करून विचारलं, "पण आजी, हे सगळं तूच पुरलंस ना? मग मला सापडलं असं कसं म्हणायचं?"

काय उत्तर देणार? खरंच होतं ते.

आमच्या शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे. पायासाठी खोल खड्डा खणलाय, त्यातून फुटलेला काळा पाषाण निघतोय. आम्ही दोघं पत्र्याच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो. वॉचमनदादा म्हणाले, "आत नका येऊ काकू, काय पाहिजे ते सांगा." नातवाने लांबूनच एक दगड दाखवला. त्यांनी तो आणून दिला. त्याच्या एका खळग्यात पांढरे, मोत्यासारखी झाक असलेले स्फटिक, पंख्यासारखे पसरलेले.

घरी आल्यावर तपासणी. लिंबाचा रस टाकला, बुडबुडे आले नाहीत; म्हणजे कॅल्साइट नव्हे. सुरीच्या टोकाने चरा पडला. म्हणजे गारगोटीही नव्हे, ती सुरीला दाद देत नाही. राहता राहिला झिओलाइट, त्यातला बहुधा स्टिल्बाइट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्यातली द्रव्यं साचून त्यांत स्फटिक वाढले. बोरघाटातून १८६३ साली रेल्वे सुरू झाली, तो मार्ग फोडतानाही असे स्फटिक निघाले होते. आणि सिन्नरचं 'गारगोटी' संग्रहालय तर अशाच खनिजांनी भरलेलं आहे. हा आपल्या पायाखालचा खजिना, आणि आपण मुलांना रंगीत काचा विकत आणून देतो!

"हा कोणी पुरला नव्हता," नातू म्हणाला. हळूच म्हणाला.

आणि मला १९८४-८५ सालचा पाचवीचा वर्ग आठवला. एका मुलाचे वडील दगडखाणीवर कामाला होते. एक दिवस तो असाच चमकणारा दगड रुमालात बांधून घेऊन आला, मला दाखवायला. मी कविता शिकवत होते. म्हटलं, "वर्गात दगडधोंडे आणायचे नाहीत. बाहेर टाकून ये." तो गेला, टाकून आला आणि खाली मान घालून बसला. त्यानंतर वर्षभरात त्याने मला काहीही दाखवलं नाही.

आता तो पन्नाशीला आला असेल.

म्हणून सांगते, विकतचा खोका वाईट नाही, घरचा डबा त्याहून बरा, पण दोन्ही नुसती रंगीत तालीम. त्यात मूल शिकतं ते हळू हाताने खरवडायला आणि वाट बघायला. यादी दिली की तेही जातं. खरा खेळ पुढे, जेव्हा ते रस्त्यातून एखादा दगड उचलून आणतं आणि आपण "शी, टाक तो!" म्हणणार असतो, तेव्हा. त्या वेळी दोन मिनिटं थांबा. दगड हातात घ्या. कुठे मिळाला ते विचारा.

आमचा दगड सध्या टीव्हीशेजारी आहे. सूनबाई रोज पुसतात, तक्रार नाही. डबा करून पाहिलात तर तुमच्याकडे काय काय निघालं ते नक्की कळवा.