बिनकामाची सायकल

पुलगाव–आर्वी ही छोट्या गाडीची लाइन तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. इंग्रजी अमलात टाकलेली, कापूस वाहणारी, अडीच फूट रुंदीची आणि जेमतेम ३५ किलोमीटरची. गाडी बंद पडून कित्येक वर्षं झाली. ती मोठी होऊन परत यावी, ही मागणी रास्तच आहे. पण तोवर त्या पट्ट्यावर, आणि गाडी आली तर तिच्या कडेनं, सायकलींची वाट का असू नये? न्यूझीलंडमध्ये ओटागोच्या बंद लोहमार्गावर २००० साली अशी सुमारे १५० किलोमीटरची वाट सुरू झाली. रेल्वेच्या वाटेचा चढ अंगावर येत नाही, कारण तो इंजिनालाच झेपत नसे. चाळिशीत सायकल शिकलेल्या बाईला आणखी काय हवं?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बचत गटातल्या तिघी आणि मी पुलगावहून विरूळकडे सायकलींवर निघालो. रस्ता डांबरी, ट्रक अंगावर येत होते. पण ट्रकपेक्षा प्रश्नच जड गेले. "कुठं चालल्या ताई? दवाखान्यात कोन हाय?" मी "फिरायला" म्हटलं, तर माणूस माझ्या मागच्या बाईकडे पाहू लागला. ती घाईनं म्हणाली, "बँकेत." रविवारी!

शाळा, मजुरी, दवाखाना, माहेर. बाईच्या प्रत्येक किलोमीटरला कारण लागतं. मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. त्यानं शाळा टिकते, हे मी कामात पाहते. पण शिक्षण संपलं की सायकल भावाची होते, हेही पाहते. तमिळनाडूत पुदुकोट्टईला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेनं सायकल शिकणं अक्षरांइतकंच महत्त्वाचं मानलं होतं. आमच्या एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात बायकांच्या आरोग्यावर, रोजगारावर पुष्कळ चर्चा झाली. बायकांच्या रिकाम्या दिवसाबद्दल एकदाही नाही.

विरूळच्या पुढे निंबाखाली बसून भाकरी-ठेचा खाल्ला. कोणी घड्याळ पाहिलं नाही. परतताना तिघींपैकी एक गप्प होती. तिची सायकल मुलीची, शाळेतून मिळालेली. मुलगी सासरी गेली, आता दिवाळीनंतर ती पुतण्याला द्यायचं घरात ठरलंय. त्याआधी एकदा पार आर्वीपर्यंत जायचं, असं तिनं आम्हाला बजावलं आहे. मुक्काम करायचा नाही, संध्याकाळी घरी यायचं. जाऊन-येऊन ७० किलोमीटर होतात. तिनं सराव सुरू केलाय, पहाटे, अंधारात, कोणी विचारायच्या आत.