वसंत, रंगभूमी आणि सार्वजनिक तिजोरी

ऋतू आणि नाटक यांचा एक समान धर्म असा आहे, की दोन्ही आपापल्या नियत वेळी बहरतात आणि ती वेळ सरली की कोणाच्याही विनवणीने थांबत नाहीत. अरण्यातील पक्षिणीने अंडी उबविण्याचे दिवस जसे मोजके, तसेच एखाद्या नटसंचाने एखादी संगीतिका पूर्ण परिपक्व अवस्थेत रंगमंचावर उभी करण्याचे दिवसही मोजकेच. जो त्या वेळी तेथे हजर असेल त्याला ते दर्शन घडते. आणि जो हजर नसेल, मग तो अंतरामुळे नसो, दारिद्र्यामुळे नसो वा वार्धक्यामुळे नसो, तो त्या दर्शनाला कायमचा मुकतो. ही नाशवंत संपत्ती वेळीच टिपून ठेवावी आणि तिकीट न मागता सर्वांच्या घरी पोहोचवावी, हे कार्य अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीने अर्ध्या शतकाहून अधिक काळ केले. आणि ज्या सार्वजनिक निधीचा या कार्याला आधार होता, तो निधी त्या देशाच्या विधिमंडळाने २०२५ साली काढून घेतला. हा निर्णय चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे, आणि सार्वजनिक प्रक्षेपणाची संस्था आपल्याही देशात असल्यामुळे तो का चुकीचा होता याचा विचार मराठी वाचकांनीही करणे अगत्याचे आहे.

त्या वर्षीच्या वसंतातील ‘पब्लिक ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’चे, म्हणजे पीबीएसचे, वेळापत्रक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मे महिन्यातील चार शुक्रवार ‘ग्रेट परफॉर्मन्सेस’ या जुन्या मालिकेने रंगभूमीला दिले होते. ९ मे रोजी, मनोविकाराने ग्रासलेली आई आणि तिच्याभोवती उसवत जाणारे कुटुंब यांची कथा गाण्यांतून मांडणारी ‘नेक्स्ट टू नॉर्मल’ ही पुलित्झर पारितोषिकप्राप्त संगीतिका. पुढच्या शुक्रवारी डेव्हिड हेन्री ह्वांग यांचे ‘यलो फेस’ हे नाटक. त्यानंतर बॉब डिलनची गाणी १९३४ सालच्या मंदीग्रस्त डुलुथ शहरातील एका खाणावळवजा घरात आणून बसविणारी ‘गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री’. आणि ३० मे रोजी कोल पोर्टरची ‘किस मी, केट’. आठवड्यातील बुधवार १९८२ पासून चालत आलेल्या ‘नेचर’ या निसर्गपटांच्या मालिकेचा. नाट्यगृह आणि अरण्य अशी एकाच आठवड्यात शेजारी नांदत असताना, त्याच महिन्याच्या १ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी सार्वजनिक प्रक्षेपणाला मिळणारा सरकारी पैसा थांबविण्याचा हुकूम काढला होता. जुलैत विधिमंडळाने आधीच मंजूर केलेली, दोन वर्षांची सुमारे १.१ अब्ज डॉलरांची तरतूद रद्द केली. आणि ऑगस्टच्या आरंभी, हा निधी वाटून देणाऱ्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ या महामंडळाने आपला कारभार आवरता घेत असल्याचे जाहीर केले.

हे महामंडळ कोणा एका राजवटीच्या लहरीतून जन्मलेले नव्हते. १९५२ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, फ्रीडा हेनॉक या आयोगातील सदस्येने धरलेल्या आग्रहामुळे, २४२ वाहिन्या केवळ शिक्षणासाठी राखून ठेवल्या. लोकवस्ती वाढण्यापूर्वीच दूरदर्शी नगररचनाकाराने उद्यानासाठी जागा राखावी, त्यातलाच हा प्रकार. पुढील वर्षी ह्यूस्टन येथे पहिले शैक्षणिक केंद्र सुरू झाले. १९६१ साली त्याच आयोगाचे अध्यक्ष न्यूटन मिनो यांनी प्रक्षेपकांच्या भरसभेत, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी दूरचित्रवाणी दिवसभर पाहिली तर एका विस्तीर्ण उजाड प्रदेशाचे दर्शन घडेल, असे सुनावले. आणि ७ नोव्हेंबर १९६७ रोजी लिंडन जॉन्सन यांच्या स्वाक्षरीने सार्वजनिक प्रक्षेपणाचा कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने सरकारी खाते निर्माण केले नाही. पैसा सरकारी तिजोरीतून यावा, परंतु कार्यक्रमांची निवड देशभर विखुरलेल्या स्थानिक केंद्रांकडे आणि त्यांच्या संघटनांकडे राहावी, आणि मध्ये महामंडळाने ढालीसारखे उभे राहावे, अशी ती विचारपूर्वक केलेली व्यवस्था होती.

या व्यवस्थेतून मिळणारा पैसा प्रत्यक्षात काय विकत घेतो, हे जवळून पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. तो प्रथम धीर विकत घेतो. फ्लोरिडातील जो हुट्टो नावाच्या निसर्गाभ्यासकाला रानटी टर्कीची अंडी मिळाली. ती त्याने उबविली, कवचाआडच्या जिवांना आपला आवाज ओळखीचा व्हावा म्हणून त्यांच्याशी तो बोलत राहिला, आणि कवच फोडून बाहेर आलेल्या पिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले तेव्हापासून तो त्यांची आई झाला. पुढचा वर्षभराहून अधिक काळ त्याने माणसांचा सहवास जवळजवळ सोडून त्या पिलांबरोबर रानात वावरण्यात घालविला, आणि साप कोणता, खाद्य कोणते, धोक्याचा आवाज कोणता, हे त्याने त्यांना शिकविण्याऐवजी त्यांनीच त्याला शिकविले. या अनुभवावरील ‘माय लाइफ अॅज अ टर्की’ हा निसर्गपट ‘नेचर’ने २०११ साली दाखविला. त्यात मोठी शिकार नाही, रक्तपात नाही, कर्कश पार्श्वसंगीत नाही. एक माणूस आणि काही पक्षी यांच्यातील विश्वास हळूहळू कसा वाढतो एवढेच आहे. दर काही मिनिटांनी जाहिरातीसाठी थांबावे लागणाऱ्या, आणि त्या थांब्यापूर्वी प्रेक्षकाला प्रत्येक वेळी दचकवावे लागणाऱ्या वाहिनीवर असा चित्रपट आपल्या संथ गतीने चालणे कठीण आहे.

धीरानंतर हा पैसा सहभाग विकत घेतो. २०१९ साली २९ एप्रिल ते १ मे अशा तीन रात्री याच मालिकेने ‘अमेरिकन स्प्रिंग लाइव्ह’ नावाने वसंताचे थेट प्रक्षेपण केले. ग्रेट स्मोकी पर्वतराजीतील एका निसर्गशिक्षण संस्थेत सूत्रसंचालनाचे ठाणे होते, आणि शास्त्रज्ञ देशाच्या निरनिराळ्या भागांतून पालवी, परागण आणि स्थलांतर यांचे वर्तमान सांगत होते. विशेष हा, की कार्यक्रमाने प्रेक्षकाला केवळ बघ्याच्या भूमिकेत ठेवले नाही. आपल्या अंगणातील झाडाला पालवी कधी फुटली, फूल कधी उमलले, याची नोंद करून ती शास्त्रीय निरीक्षणांच्या राष्ट्रीय दप्तरात जमा करण्याचे आवाहन त्याला केले. हवामान बदलल्यामुळे वसंत किती आधी येऊ लागला आहे हे ठरविण्यास अशा हजारो सामान्य माणसांच्या नोंदीच उपयोगी पडतात. दूरचित्रवाणी माणसाला खुर्चीला खिळवून ठेवते हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो. येथे तिने त्याला दाराबाहेर जाऊन झाडाकडे पाहावयास लावले.

आणि हा पैसा तिसरी गोष्ट विकत घेतो ती म्हणजे चिरस्थायित्व. स्टीफन सॉन्डहाइम आणि जेम्स लपाइन यांची ‘इन्टू द वूड्स’ ही संगीतिका ब्रॉडवेवर नोव्हेंबर १९८७ मध्ये आली आणि ७६५ प्रयोगांनंतर सप्टेंबर १९८९ मध्ये बंद झाली. परंतु बंद होण्यापूर्वी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात, मूळ नटसंच पुन्हा एकत्र आणून, मार्टिन बेक नाट्यगृहात जमलेल्या प्रेक्षकांसमोर तिचे चित्रीकरण झाले, आणि मार्च १९९१ मध्ये ते सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या ‘अमेरिकन प्लेहाउस’ मालिकेत देशभर दाखविले गेले. सिंड्रेला, जॅक, लाल टोपडेवाली मुलगी आणि अपत्यासाठी व्याकुळ झालेले पाववाल्याचे जोडपे यांच्या परीकथा एकत्र गुंफणाऱ्या या कृतीचा पूर्वार्ध सर्वांच्या इच्छा पुरविण्यात जातो, आणि उत्तरार्धात त्या इच्छांची किंमत प्रत्येकाला मोजावी लागते. जोआना ग्लीसनने साकारलेल्या पाववाल्याच्या पत्नीच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटणारा मोह आणि लगेच मागून येणारा संभ्रम नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून दिसणे अवघड. कॅमेऱ्याने तो सर्वांना दिला. ब्रॉडवेच्या तिकिटाची सरासरी किंमत आज शंभर डॉलरांच्या वर आहे, आणि न्यूयॉर्कला जाण्या-राहण्याचा खर्च वेगळा. मिनेसोटातील एखाद्या शाळामास्तराच्या मुलीला तीच कृती त्याच नटसंचासह घरबसल्या दिसते, आणि पुढे तिच्याच शाळेत ती नाटुकली म्हणून बसविली जाते, तेव्हा रंगभूमीची मालकी थोडी रुंदावलेली असते.

आता जमाखर्च पाहू. महामंडळाला मिळणारी वार्षिक रक्कम सुमारे ५३.५ कोटी डॉलर होती. अमेरिकेच्या लोकसंख्येने भागले तर ती दरडोई वर्षाला दोन डॉलरांपेक्षाही कमी भरते. या रकमेचा सुमारे सत्तर टक्के भाग कायद्यानुसार स्थानिक केंद्रांकडे जात असे. न्यूयॉर्क किंवा बॉस्टन येथील मोठ्या केंद्रांना श्रीमंत देणगीदार आहेत, त्यामुळे ती ओढगस्तीने का होईना तग धरतील. परंतु रस्त्याने जिथे जाताच येत नाही अशा अलास्कातील बेथेलसारख्या गावी युपिक भाषेतही प्रक्षेपण करणाऱ्या केंद्राने देणगीदार कोठून आणावेत? राजधानीत बसून काटछाट करणाऱ्याची कुऱ्हाड मोठ्या वृक्षाला ओरखडा काढून थांबते. मुळासकट जाते ते रोपटे.

विरोधकांचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की या वाहिनीच्या बातम्या एका बाजूला झुकलेल्या असतात आणि न पटणाऱ्या मतांसाठी करदात्याने पैसा का द्यावा. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेने जाब दिलाच पाहिजे, हे तत्त्व मला संपूर्ण मान्य आहे. परंतु ज्या कार्यक्रमाबद्दल तक्रार असेल त्याची चौकशी करावी, नियम कडक करावेत, नियामक मंडळावर भिन्न मतांची माणसे नेमावीत. बातमीपत्राबद्दलच्या रागापोटी टर्कीची पिले आणि सॉन्डहाइमची गाणी यांना शिक्षा देणे हा न्याय नव्हे. दुसरा आक्षेप असा, की आंतरजालावर आज सर्व काही उपलब्ध आहे. उपलब्ध आहे ते मासिक शुल्क भरणाऱ्याला, वेगवान जोडणी असणाऱ्याला, आणि आपल्याला काय हवे हे आधीपासून ठाऊक असणाऱ्याला. यंत्राने चालणारी शिफारस माणसाला काल आवडले तेच आज पुढे करते. ज्याचे नावही ऐकले नाही असे काही शुक्रवारी रात्री अकस्मात समोर येण्याचा लाभ तिच्यापाशी क्वचितच मिळतो. तिसरे म्हणणे असे, की प्रेक्षकांनी स्वेच्छेने वर्गणी द्यावी. ती ते देतातच. दर वसंतात, विशेषतः मार्चमध्ये, नेहमीचे कार्यक्रम बाजूला सारून केंद्रे वर्गणीसाठी आर्जव करतात, आणि त्या दिवसांत पडद्यावर बहुधा दात्यांच्या तारुण्यातील गायकांच्या मैफली दिसतात. जी संस्था सर्वस्वी दात्यावर विसंबते ती हळूहळू दात्याच्याच आवडीची होते. ज्याला द्यावयास काही नाही त्याचाही तिच्यावर हक्क राहावा एवढ्याचसाठी तर सार्वजनिक तिजोरीचा हिस्सा असतो.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन केंद्राचा आरंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला, आणि प्रसार भारतीला स्वायत्तता देणारा १९९० चा कायदा १९९७ साली अंमलात आला. एका पिढीला नाट्यगृहाबाहेरचे मराठी नाटक या केंद्राने दाखविले, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. परंतु १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून सुरू झालेली संगीत नाटकाची अखंड परंपरा ज्या भाषेत आहे, आणि फाल्गुन-चैत्रात ज्या प्रदेशात पळस-पांगारा फुलतो, कोकणात धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नराने फटीतून भरविलेल्या फळांवर दिवस काढते, वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिले समुद्राकडे धाव घेतात, त्या प्रदेशाच्या सार्वजनिक वाहिनीने वर्षातून एक तरी ऋतू या दोन्ही गोष्टींना निश्चयाने द्यावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

माझी सूचना नेमकी आहे. सह्याद्री वाहिनीने दरवर्षी फाल्गुन आणि चैत्र या दोन महिन्यांत आठवड्याची एक रात्र संगीत नाटकाला आणि एक रात्र महाराष्ट्राच्या निसर्गाला राखून ठेवावी. नाटक मोडतोड करून स्टुडिओत न बसविता, प्रत्यक्ष प्रेक्षकांनी भरलेल्या नाट्यगृहात, अनेक कॅमेऱ्यांनी, दोन-तीन प्रयोगांतून संपूर्ण टिपावे. ऑर्गनवादक आणि तबलजी यांनाही चौकटीत स्थान असावे. निसर्गपट तरुण चित्रीकरणकारांकडून, किमान दोन हंगामांची मुदत देऊन करून घ्यावेत. या चित्रफिती जिल्हा ग्रंथालयांना आणि शाळांना विनामूल्य मिळाव्यात. यासाठी लागणारा खर्च राज्याने आणि केंद्राने मिळून उचलावा, आणि कार्यक्रमांच्या निवडीत दोघांपैकी कोणीही हात घालू नये. जुने गायकनट एकामागून एक काळाच्या पडद्याआड जात आहेत आणि किनाऱ्यावर दरवर्षी नवे बांधकाम उभे राहत आहे. ज्या गोष्टी टिपावयाच्या त्या टिपण्याची मुदत आपल्या मंजुरीसाठी थांबणारी नाही. अमेरिकेने पन्नासाहून अधिक वर्षे जपलेली एक उत्तम व्यवस्था तीन महिन्यांत मोडली. मोडणे किती सोपे असते याचा हा धडा आपण घ्यावा, आणि जे आपल्याकडे अद्याप मोडलेले नाही, केवळ सुस्तावले आहे, ते उभे करण्याच्या कामाला येत्या अंदाजपत्रकातच लागावे.