शाल, श्रीफळ आणि स्कोअरकार्ड

मुळशी तालुक्यातील एका महाविद्यालयात मध्यंतरी ‘नटसम्राट’वर बोलण्याचा प्रसंग आला. अशा व्याख्यानांचा मार्ग ठरलेला असतो. शेक्सपिअरचा ‘लिअर’, कृतघ्न अपत्ये, मध्यमवर्गीय कुटुंबाची पडझड, स्वगतांची भाषा. मीही त्याच वाटेने गेलो. शेवटी मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, अप्पांनी निवृत्त झाल्यावर परत नाटक का नाही केलं? त्यांना काम तर येत होतं.”

वर्गात थोडे हसू झाले. मी काहीतरी उत्तर दिले, ते मला स्वतःलाच पटले नाही. घरी येऊन संहिता पुन्हा उघडली. नाटकाचा आरंभ सत्काराने होतो. गणपतराव बेलवलकर रंगभूमीचा निरोप घेतात, समाज त्यांना मानाने निरोप देतो, आणि मग ते सर्वस्व मुलांना वाटून टाकतात. आपण सारे समीक्षक या वाटपावर थांबतो. शोकांतिकेचे मूळ तिथे आहे असे मानतो. पण त्याआधीच्या सत्काराकडे आपण संशयाने का पाहत नाही? ज्या क्षणी त्या नटाला हार घातला गेला, त्याच क्षणी त्याच्या अभिनयाचे मोजमाप संपले. त्यानंतर तो कसा नट आहे हा प्रश्न कुणी विचारला नाही. सून, मुलगी, जावई ही मंडळी पुढची आहेत. (जाता जाता नोंदवायला हवे की १९७० च्या डिसेंबरात हे नाटक रंगमंचावर आले तेव्हा अप्पांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते. वार्धक्याची आपली सर्वांत मोठी भूमिकाही तरुण शरीरानेच प्रथम पेलली.)

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मला साहित्यात सापडले नाही. ते गोल्फमध्ये सापडले, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. पण त्याच तालुक्यात, बावधन-लवळ्याकडच्या टेकड्यांत गोल्फचे मैदान आहे, आणि वाटेत त्याची पाटी दिसली की मराठी मास्तराला जो एक तुच्छतेचा सुस्कारा सोडावासा वाटतो तो मीही अनेकदा सोडला आहे. श्रीमंतांचा, पाणी पिणारा, कॅडीच्या खांद्यावर ओझे टाकून खेळायचा खेळ. हे सारे खरे आहे आणि त्याकडे मी परत येणार आहे. तरीही या खेळाने एक गोष्ट निर्माण केली आहे जी इतर कुठल्या खेळाला या प्रमाणात जमली नाही, आणि आपल्या साहित्यव्यवहाराला तर मुळीच नाही. ती म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या व्यावसायिक खेळाडूंच्या अजिंक्यपद स्पर्धा.

यांतली पहिली १९३७ साली अमेरिकेत ऑगस्टा येथे, बॉबी जोन्सच्या मैदानावर भरली. ज्येष्ठांची अमेरिकन खुली स्पर्धा १९८० मध्ये सुरू झाली. तेव्हा वयाची अट ५५ होती. दुसऱ्याच वर्षी ती ५० वर आणली गेली आणि त्या वर्षी ५१ वर्षांचा अर्नोल्ड पामर जिंकला. गर्दी खेचणाऱ्या पामरसाठी दार रुंद केले गेले, असे म्हणणाऱ्यांना खोटे ठरवणे कठीण आहे. ब्रिटनमधील ज्येष्ठांची खुली स्पर्धा १९८७ ची, आणि तिला ‘प्रमुख’ स्पर्धेचा दर्जा मिळाला तो २००३ पासून. आज अशा प्रमुख स्पर्धा पाच आहेत. ज्येष्ठांच्या एरवीच्या स्पर्धा बहुधा तीन दिवसांच्या, ५४ होलच्या असतात. प्रमुख स्पर्धा मात्र पूर्ण चार दिवसांच्या, ७२ होलच्या. म्हणजे मान जितका मोठा तितकी सवलत कमी. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही खुल्या स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवले जाते. तुम्ही पूर्वी काय जिंकले होते याने त्या दोन दिवसांच्या बेरजेत एकाही फटक्याची सूट मिळत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते हे. आपल्याकडे ‘ज्येष्ठ’ या विशेषणाचा अर्थ मोजमापातून सुटका असा झाला आहे. ‘ज्येष्ठ साहित्यिक’ झाले की पुस्तकाचे परीक्षण बंद होते आणि गौरव सुरू होतो. विंदा करंदीकरांचे ‘अष्टदर्शने’ २००३ साली आले, तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते. देकार्त, स्पिनोझा, कांट यांच्यापासून चार्वाकापर्यंत आठ दर्शने पद्यात मांडण्याचा तो उद्योग कोणत्याही वयात धाडसाचाच. पुढे २००३ सालचे ज्ञानपीठ त्यांना जाहीर झाले. आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण त्या पुस्तकात पद्याने तत्त्वज्ञानाला कुठे पेलले आणि कुठे केवळ छंदात बसवले, याची सडेतोड चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही असे माझे मत आहे. ‘मृद्गंध’च्या कवीला जी कठोरता दाखवली असती ती पंच्याऐंशीच्या कवीला दाखवणे आपल्याला असभ्य वाटले. मला उलट वाटते. त्या वयात इतका अवघड फटका मारणाऱ्या माणसाचा फटका मोजायचाच नाही, हाच खरा अनादर.

गोल्फच्या या स्पर्धा पाहू लागल्यावर वार्धक्याविषयी आणखी एक गोष्ट कळते. आपली कल्पना अशी की वय आधी पाय आणि कंबर गाठते, आणि ताकद जाते त्या बदल्यात शहाणपण येते. हा हिशेब गोल्फमध्ये जुळत नाही. लांबचा फटका आखूड होतो हे खरे, पण त्यावर उपाय असतो. दगा देतो तो ग्रीनवरचा चार-पाच फुटांचा फटका, जो पोरालाही जमावा. मनगट ऐन वेळी थरथरते. जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरला हा विकार तरुणपणापासून पुनःपुन्हा झाला. त्याने पकड बदलली, पुन्हा बदलली, शेवटी लांब दांड्याची काठी घेतली. २०१६ पासून ती काठी शरीराला टेकवून मारायला बंदी आली, तेव्हा तो तीच काठी न टेकवता मारू लागला. २०२३ साली, ६५ व्या वर्षी, विस्कॉन्सिन राज्यात त्याने ज्येष्ठांची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. दुसरा आला तो त्याच राज्यातला, ५६ वर्षांचा स्टीव्ह स्ट्रिकर. लांगरचे हे ज्येष्ठांच्या प्रमुख स्पर्धांतले बारावे विजेतेपद.

सर्वांत सोपी कृती सर्वांत अवघड होऊन बसणे, हे वार्धक्याचे जे रूप या खेळात दिसते ते मराठी साहित्यात मला क्वचितच भेटले. आपल्याकडचा म्हातारा माणूस घराच्या संदर्भात म्हातारा असतो. दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी मुलांची वाट पाहतात. ती वाट पाहणे विलक्षण हृद्य आहे, पण ती माणसे दिवसभर कोणते काम चांगले करीत आणि आता त्यात कुठे हात अडतो, हे नाटक विचारत नाही. हस्तकौशल्याचे वार्धक्य हा विषय जणू आपल्या लेखकांपुढे आलाच नाही. अप्पा बेलवलकर हा अपवाद ठरू शकला असता, कारण त्याचे कौशल्य त्याच्या जिभेवर शेवटपर्यंत जिवंत आहे. पण त्याला रंगमंच मिळत नाही, आणि तो त्याला का मिळू नये हा प्रश्न विचारायला मुळशीतला एक विद्यार्थी लागला.

२००९ च्या जुलैतला टर्नबेरीचा प्रसंग अनेकांना ठाऊक असेल. ती ज्येष्ठांची नव्हे, सर्वांसाठीची ब्रिटिश खुली स्पर्धा होती. टॉम वॉटसन ५९ वर्षांचा. नऊ महिन्यांपूर्वीच खुब्याचे कृत्रिम हाड बसवलेले. शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर तो एका फटक्याने पुढे होता. चार फटक्यांत चेंडू आत गेला की विजेतेपद. दुसरा फटका उत्तम बसला, किंचित जास्तच उत्तम, आणि चेंडू ग्रीनच्या पलीकडे उतरला. तिसरा आठेक फूट पुढे गेला. चौथा चुकला. बरोबरी झाली आणि चार होलच्या निर्णायक फेरीत स्ट्युअर्ट सिंकने त्याला सहज हरवले. पत्रकारांचे चेहरे पाहून वॉटसनने त्यांना सांगितले की ही काही अंत्ययात्रा नाही. आपल्याकडे असते तर आपण त्यावर एक एकांकिका लिहिली असती आणि पडदा तिथेच टाकला असता. वॉटसन मात्र त्याच आठवड्यातल्या गुरुवारी सनिंगडेलला ज्येष्ठांच्या खुल्या स्पर्धेत पहिल्या होलवर उभा होता. ही स्पर्धा त्याने २००३, २००५ आणि २००७ साली जिंकली होती, त्यांतली पहिली त्याच टर्नबेरीवर. सनिंगडेलला तो जिंकला नाही. हरलेल्या म्हाताऱ्याला पुढच्या गुरुवारी पुन्हा हरण्याची सोय असणे, याला मी सन्मान म्हणतो.

आता त्या सुस्काऱ्याकडे. हा सन्मान कुणाला मिळतो? ज्याच्यामागे दूरचित्रवाणी, पुरस्कर्ते आणि त्याच्याच वयाचा पैसेवाला प्रेक्षक उभा आहे त्याला. खेळाला जमीन लागते, आणि मुळशीत जमीन हा शब्द साधा नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नाव झाले. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी याच तालुक्यातल्या मोसे खोऱ्यात लवासा उभे राहू लागले. त्या आराखड्यात गोल्फही होते, आणि इंग्लंडचा मोठा खेळाडू निक फाल्डो याच्याशी कंपनीने त्यासाठी करार केल्याच्या बातम्या तेव्हा येत. तीन वेळा ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकलेला फाल्डो २००७ मध्ये पन्नास वर्षांचा झाला. गंमत अशी की ज्येष्ठांच्या स्पर्धा त्याने फारशा खेळल्या नाहीत. तो समालोचन आणि मैदानांचे आराखडे यांत रमला. म्हणजे ज्याने आपले वार्धक्य मोजू दिले नाही, तोच नेमका नाव म्हणून आमच्या डोंगरावर आला. २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने तिथले काम थांबवले, वर्षभराने काही भागाला सशर्त परवानगी मिळाली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. फाल्डोचे वार्धक्य जसे त्या डोंगरावर मोजले गेले नाही तसे दुसऱ्या कुणाचेही नाही.

पुण्यातला सुस्थित माणूस पन्नाशीला मुळशीत भूखंड घेतो. आधुनिक वानप्रस्थच तो. ज्याने तो भूखंड विकला त्याचे वयही बहुधा पन्नाशीच्या पुढचेच असते, पण त्याच्या आश्रमाला शास्त्रात नाव नाही. म्हणून मला गोल्फचे कौतुक करताना जीभ चावावी लागते. पण खेळाची श्रीमंती नाकारताना त्यातला नियमही आपण टाकून द्यावा का? मोजणे चालू ठेवण्याचा नियम फुकट आहे. त्याला अठरा होलची हिरवळ लागत नाही. मासिकाला, विद्यापीठाच्या मराठी विभागाला, नाट्यसंस्थेला तो उद्या लागू करता येईल. सत्तरीच्या कवीच्या नव्या संग्रहावर, तो कवी जणू पहिल्यांदाच छापून आला आहे अशा काटेकोरपणे लिहावे. नाट्यस्पर्धेत साठीपुढच्या नटांची वेगळी फेरी ठेवावी, आणि तिथे परीक्षकांनी गुण द्यावेत, शाली नव्हेत. ‘या वयात हा उत्साह’ हे वाक्य परीक्षणातून कायमचे काढून टाकावे. काही ज्येष्ठ दुखावतील. दोन दिवसांनंतर घरी पाठवले गेलेले पूर्वविजेतेही दुखावत असतीलच. तरी ते पुढच्या वर्षी अर्ज भरतात.

व्याख्यानानंतर तो विद्यार्थी फाटकापर्यंत सोबत आला. मी त्याला घरचे विचारले. आजोबांची भातखाचरे एका प्रकल्पात गेली, तो म्हणाला. आता आसपास कुठेही भूमिपूजन असले की आजोबांना नारळ फोडायला बोलावतात. गावातले सर्वांत जुने शेतकरी म्हणून टोपी-उपरणे देतात. घरात अशी दहा-बारा उपरणी झाली आहेत.

“आणि शेतीचं कुणी विचारतं त्यांना?”

“नाही सर. लावणीच्या दिवसांत ते शेजारच्या बांधावर जाऊन बसतात. कुठं रोप खोल गेलं, कुठं ओळ दाट झाली, ते मोजत राहतात. तिथले लोक म्हणतात, आबा, बसा ना घरी आरामात.”

“मग?”

“मागच्या वर्षी त्यांनी स्वतः चिखलात उतरून एक ओळ लावून दाखवली. हात कापत होता म्हणून वाकडी झाली. घरी येऊन मला म्हणाले, सात रोपं चुकली.”