दोन ओळींचा पॅच हाही शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरावा

हजेरीचे अ‍ॅप, ग्रंथालयाची नोंदवही, हॉटेलची बिलिंग प्रणाली. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला हे विषय वर्षानुवर्षे फिरत आहेत. परीक्षा झाली की तो कोड पुन्हा कोणी उघडत नाही. सोलापूरच्या मुलांसाठी याहून कितीतरी खरे काम लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, पडून आहे आणि त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत सगळीकडे चालणारा हा कर्नेल बांधण्याआधी त्यात काय हवे ते निवडावे लागते. पर्याय दहा हजारांहून अधिक आहेत. एखादा ड्रायव्हर कर्नेलच्या आतच ठेवता येतो, गरजेनुसार जोडायचे मॉड्यूल करता येतो किंवा वगळता येतो. कोणता पर्याय कशावर अवलंबून आहे, हे 2002 पासून केकॉन्फिग नावाच्या छोट्या भाषेत लिहिले जाते. त्यात ‘डिपेंड्स ऑन’ अट घालते, तर ‘सिलेक्ट’ दुसरा पर्याय थेट चालू करते आणि त्या पर्यायाच्या स्वतःच्या अटी पाळल्या गेल्या का, हे पाहतच नाही.

गडबड होते ती इथेच. एखाद्या सेन्सरच्या ड्रायव्हरने आय-टू-सी या चिप जोडणाऱ्या बससाठीचा रेगमॅप हा सामायिक कोड ‘सिलेक्ट’ केला, पण आपण आय-टू-सीवर अवलंबून आहोत हे लिहिलेच नाही, तर ती बस बंद असलेल्या मांडणीत बांधणी कोसळू शकते. दुरुस्ती एका ओळीची असते. पण ती ओळ का हवी, हे शोधताना बस, ड्रायव्हर आणि कोडचे तुकडे सांधणारा लिंकर यांचे नाते समजून घ्यावेच लागते.

प्रश्न नेहमी इतका सरळ नसतो. पीटीपी ही नेटवर्कवरून घड्याळे अचूक जुळवणारी यंत्रणा. अनेक नेटवर्क ड्रायव्हर तिच्याविना चालतात, असली तर वापरतात. अशा ऐच्छिक नात्यासाठी 2017 च्या 4.10 आवृत्तीत निकोला पित्र यांनी ‘इम्प्लाय’ हा नवा शब्द आणला. 2020 मध्ये त्याचे नियम सैल झाले. मग ड्रायव्हर कर्नेलच्या आत आणि पीटीपी मात्र बाहेर मॉड्यूलमध्ये, अशी मांडणी शक्य झाली. आतल्या कोडला बाहेरचे फंक्शन सापडेना, लिंकिंग अडले. 2021 मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी एक अदृश्य पर्याय घालून हे सोडवले: पीटीपी बंद असेल तर ड्रायव्हर मोकळा, पीटीपी मॉड्यूल असेल तर ड्रायव्हरही मॉड्यूलच. जाणत्या माणसांनाही या कोड्याला चार वर्षे लागली. वर्गात शिकवावी अशी ही गोष्ट आहे.

अशा चुका शोधायला ‘रँडकॉन्फिग’ आहे. ते पर्यायांची मनमानी जुळणी करून देते. इंटेलचा टेस्ट रोबोट हेच काम अखंड करतो आणि बिघाडासोबत ती मांडणीही जाहीर करतो. अपुऱ्या अटींचा इशारा तर कंपायलर सुरू होण्याआधीच, मांडणी तयार होताना दिसतो. म्हणजे साध्या लॅपटॉपवरही सुरुवात होते.

ही दुरुस्ती, म्हणजेच पॅच, पाठवताना कारण नेमके लिहावे लागते, खाली स्वतःच्या नावाची सही करावी लागते. परीक्षण करणारी माणसे परखड असतात, पण सोलापूरचा मुलगा आणि म्युनिकचा अभियंता यांना तीच फूटपट्टी लावतात. स्वीकारलेला बदल नावानिशी इतिहासात राहतो. नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या मुलीला याहून भक्कम दाखला कोणता मिळणार?

1983 पासून सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, 2004 पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. अडचण गुणपत्रिकेची आहे. दोन ओळींचा पॅच तिथे ‘लहान’ दिसतो आणि शंभर पानांचा अहवाल मोठा. अभ्यास मंडळांनी हे मोजमाप बदलावे. स्वीकारले गेलेले पॅच आणि त्यांवरची चर्चा यांना प्रकल्पाचे पूर्ण गुण द्यावेत, आणि याची सुरुवात येत्या शैक्षणिक वर्षापासूनच करावी.