सोसण्याला धर्म म्हणू नका

नवऱ्याने मारले म्हणून बाई माहेरी आली, की हिंदू घरात तिला 'नशीब' ऐकवतात. ख्रिस्ती घरात 'ज्याचा त्याचा क्रूस' ऐकवतात. शब्द निराळे, पण बाईला परत पाठवायची वाट एकच.

कर्जतसारख्या तालुक्यात हे सांगणारा पाळक किंवा फादर असेल, तर त्या शब्दाला फार वजन येते. वकिलाला द्यायला पैसे नसतात, म्हणून पहिला निवाडा मंडळीतच होतो. तेव्हा लग्नाविषयी चर्चचे पुढारी काय मानतात, ही त्यांची खाजगी बाब राहत नाही.

या मानण्याला कायद्याचाही आधार होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर त्याचा छळ किंवा त्याने टाकून दिल्याचेही सिद्ध करावे लागे. नुसत्या मारावर तिची सुटका नव्हती! स्त्री संघटनांनी हा प्रश्न लावून धरला, आणि १९९० नंतरच्या दशकात चर्चमधले जाणते पुढारीही नव्या मसुद्यासाठी त्यांच्याबरोबर बसले. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छळ आणि त्याग ही ख्रिस्ती पत्नीसाठी स्वतंत्र कारणे मानली. २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. त्याला १३२ वर्षे लागली.

'धर्म असा बदलतो का?' असे विचारणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. सिद्धटेकला भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिथल्या केडगावात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण टाकली नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी वाद घातला. पुनरुत्थानाची पहिली वार्ता मग्दालिया मरियेने शिष्यांना दिली, असे शुभवर्तमानच सांगते. तरीही दक्षिण भारतीय चर्चने पहिल्या स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली ती १९७६ मध्ये, आणि पुष्पा ललिता बिशप झाल्या त्या २०१३ मध्ये. कॅथलिक बिशप परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले. वेदीवरचे धर्मगुरूपद मात्र आजही बाईला बंद आहे.

जुने समज तपासणाऱ्या पुढाऱ्यांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण बिशपांचे धोरण दिल्लीत छापले जाते आणि बाई मार खाते खेड्यात. म्हणून आमचे मागणे साधे आहे. घरातल्या भांडणाचा निवाडा करायला बसणाऱ्यांत निम्म्या बायका हव्यात. तिने स्वतः हो म्हटल्याशिवाय कोणी तिला सासरी पोचवू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, हे पाळकाने तिला सांगावे. आणि रविवारच्या उपदेशात एकदा तरी स्पष्ट म्हणावे, की बायकोला मारणे हे पाप आहे.

बायांनो, हे मागणे देऊळ, मशीद, विहार, सगळ्यांच्या दारात न्यायचे आहे. क्रूस वाहायचाच, तर मारणाऱ्याच्या खांद्यावर का नको?